सीए ऑफिसात क्लायंट सांभाळताना: नवख्यांसाठी कामाची घडी

नेमणूकपत्रावर ‘क्लायंट सपोर्ट’, ‘अ‍ॅडमिन एक्झिक्युटिव्ह’, ‘बॅक ऑफिस’ असं काहीही लिहिलेलं असो, सीए किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात हे काम साधारण एकच असतं. क्लायंटकडून कागद आणायचे, आत पोचवायचे, आतलं काम झालं की पोच बाहेर पाठवायची आणि मधल्या काळात वाजणारा प्रत्येक फोन उचलायचा. ताळेबंदावर सही सरांची, टॅलीतल्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या) एन्ट्र्या आर्टिकल्सच्या, म्हणजे सरांच्या हाताखाली शिकणाऱ्या सीएच्या विद्यार्थ्यांच्या. तुमच्या नावावर काहीच नसतं, आणि काही अडलं की पहिली हाक मात्र तुम्हालाच बसते.

नव्याने लागलेली मुलं दोन-तीन महिन्यांत कंटाळतात ती कामाच्या ओझ्याने नव्हे. दिवसभर बोलून घसा बसतो आणि संध्याकाळी ‘आज काय संपवलं’ याचं उत्तर देता येत नाही, म्हणून कंटाळतात. सकाळी पाचला उठा छापाचे व्हिडिओ बघून यातलं काही सुधारत नाही. अमुक फाइल आपल्यामुळे पुढे सरकली, हे स्वतःच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. ते दिसू लागलं की कामात रस येतो, आणि ते दिसेल अशी मांडणी आपली आपल्यालाच करावी लागते. खाली लिहितेय ते त्या मांडणीबद्दल. पाच-दहा माणसांचं ऑफिस डोळ्यांपुढे ठेवलंय. मोठ्या फर्ममध्ये यातलं बरंचसं सॉफ्टवेअरवर असतं, भानगडी मात्र त्याच.

पायरी १: तारखा भिंतीवर लावा

या धंद्यातला महिना १ ते ३० असा चालत नाही, तो तारखांवर चालतो. ७ तारखेला मागच्या महिन्याचा टीडीएस (पैसे देतानाच कापून ठेवलेला कर) भरायचा (मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत). ११ ला दरमहा भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरण). तिमाही योजनेतले छोटे व्यापारी असतील तर त्यांची बिलं चढवायला १३. पीएफ आणि ईएसआय १५ ला. २० ला जीएसटीआर-३बी (कर भरायचं एकत्रित विवरण). तिमाहीवाल्यांचं महाराष्ट्रात आणि गोव्यात २२ ला. वर्षाच्या तारखा वेगळ्या: अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च; महाराष्ट्रातला व्यवसाय कराचा वार्षिक २,५०० रुपयांचा भरणा ३० जूनपर्यंत; पगारदार आणि पेन्शनरांची रिटर्नं ३१ जुलैपर्यंत. यात वरचेवर बदल होतात. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि ‘असेसमेंट इयर’च्या जागी ‘कर वर्ष’ आलंय. तेव्हा चालू वर्षाची यादी सरांकडून तपासून घ्या आणि मगच भिंतीवर लावा.

यादी लावली म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक तारखेपासून मागे मोजायचं. २० ला ३बी जायचं असेल तर सरांनी आकडे १८ ला बघितले पाहिजेत, म्हणजे आर्टिकलच्या हातात बिलं १४ पर्यंत हवीत, म्हणजे क्लायंटला पहिला मेसेज महिन्याच्या १ तारखेलाच गेला पाहिजे. क्लायंटला सांगायची तारीख ही. त्याला २० सांगितली की तो २० च्या दुपारी बिलांची पिशवी घेऊन जिना चढतो.

मुदतवाढीच्या आशेवर कुणाला राहू देऊ नका, स्वतःही राहू नका. २०२५ साली रिटर्नची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी आणखी एक दिवस वाढून १६ झाली. तेव्हापासून ‘वाढतेच की दरवर्षी’ हे वाक्य फोनवर फार ऐकू येतं. वाढली तर छान, पण आपलं वेळापत्रक मूळ तारखेवरच ठेवायचं.

पायरी २: पॅन आणि जीएसटी नंबर वाचायला शिका

हे एका दुपारचं काम आहे. पॅन दहा अक्षरांचा: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर माणूस की संस्था ते सांगतं. पी म्हणजे व्यक्ती, सी कंपनी, एफ भागीदारी फर्म, एच हिंदू अविभक्त कुटुंब (एचयूएफ), टी ट्रस्ट. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा: पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच.

याचा फायदा लगेच दिसतो. एकाच घरातल्या वडिलांचं, मुलाचं आणि एचयूएफचं असे तीन पॅन एकाच फाइलमध्ये असतात आणि कागद इकडचे तिकडे होतात. चौथ्या अक्षरावर नजर गेली की एचयूएफच्या कागदांची चूक टेबलावरच पकडली जाते. आत जाऊन परत आलेली फाइल आणि जागेवर दुरुस्त झालेली फाइल यांत दोन दिवसांचा फरक असतो.

पायरी ३: एकच तक्ता, आणि त्यात ‘कुणाकडे अडलंय’ हा रकाना

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. डायरीत थोडं, व्हॉट्सअ‍ॅपवर थोडं, स्टिकी नोटवर थोडं आणि बाकीचं डोक्यात, अशी बहुतेकांची सुरुवात असते. डोक्यात ठेवलेलं काम थकवतं. रात्री जेवताना ‘अरे, त्या हॉटेलवाल्यांचं चलन राहिलं’ असं आठवतं ते त्यामुळेच.

एक्सेलची एक शीट उघडा. रकाने पाचच: क्लायंट, काम, कुणाकडे अडलंय, कधीपासून, पुढचा हात कधी लावायचा. तिसऱ्या रकान्यात चारच शब्द येऊ शकतात: क्लायंट, आम्ही, सर, पोर्टल (म्हणजे रिटर्न भरायची सरकारी वेबसाइट). ‘पेंडिंग’ हा शब्द त्या शीटमध्ये टाइप करायचा नाही. पेंडिंग म्हटलं की सगळंच आपल्या उरावर बसल्यासारखं वाटतं. रकाना भरायला बसलं की कळतं, चाळीसातल्या पंचवीस ओळी क्लायंटकडे आहेत, सहा सरांच्या सहीला आहेत, दोन-तीन पोर्टलवर प्रक्रियेत आहेत. आपल्या हातात खरोखर करण्यासारख्या उरतात त्या मूठभर. सकाळी आल्यावर त्या आधी संपवायच्या.

‘कधीपासून’ हा रकाना भांडणाच्या वेळी कामाला येतो. ‘तुमच्याकडे पडूनच होतं’ असं क्लायंट सरांसमोर म्हणाला, तर शांतपणे सांगता येतं: स्टेटमेंट ३ ला मागितलं, ९ ला आठवण केली, १७ ला आलं, १८ ला रिटर्न गेलं. आवाज चढवायची वेळच येत नाही. आणि अडलेलं खरंच आपल्याकडे असेल तर तेही शीटवर दिसतं. तेव्हा सबबी शोधत बसू नये, दिलगिरी व्यक्त करून काम पुढे सरकवावं.

सरांकडे अडलेल्या ओळींचं वेगळं तंत्र आहे. दर अर्ध्या तासाने केबिनमध्ये डोकावू नका. दिवसातून एकदा, शक्यतो ते चहा घेत असताना, सहीच्या सगळ्या गोष्टी एकत्र न्या आणि वरच्या कागदावर तारीख लिहून ठेवा: ‘उद्या शेवटचा दिवस’, ‘शुक्रवार चालेल’. निवड सोपी करून दिली की सह्या पटापट होतात.

पायरी ४: कागद मागायची पद्धत

‘सर, डॉक्युमेंट्स पाठवा ना प्लीज.’ या मेसेजला दोन दिवसांनी अंगठा येतो आणि कागद येत नाहीत. कुठले कागद, कशासाठी, कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात नाही. दुकान सांभाळणाऱ्या माणसाला तेवढा विचार करायला सवड नसते. हे बघा:

‘नमस्कार काका. ऑगस्टच्या जीएसटीसाठी दोनच गोष्टी हव्यात: (१) ऑगस्टची विक्रीची बिलं, (२) चालू खात्याचं १ ते ३१ ऑगस्टचं स्टेटमेंट, पीडीएफमध्ये. शुक्रवार ५ तारखेपर्यंत पाठवलीत तर ११ च्या आत आपलं जीएसटीआर-१ जाईल आणि तुमच्या गिऱ्हाइकांना त्यांचं क्रेडिट वेळेत दिसेल.’

शेवटच्या वाक्यात खरी गोम आहे. ११ पर्यंत चढवलेली बिलं १४ तारखेला समोरच्या व्यापाऱ्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं किती क्रेडिट मिळेल त्या यादीत, दिसतात. नाही दिसली तर तो व्यापारी आपल्या क्लायंटचं पेमेंट अडवून धरतो. दंडाची भीती घालून जे होत नाही ते या एका वाक्याने होतं, कारण दंड दिवसाला ५० रुपये (व्यवहार नसेल तर २०) आणि अडकलेलं पेमेंट लाखाचं.

काही बारकावे. बँकेचं पीडीएफ पासवर्डचं असतं, तेव्हा पासवर्ड त्याच मेसेजमध्ये मागून घ्या, नाहीतर त्यासाठी आणखी एक दिवस जातो. स्टेटमेंटचा फोटो चालणार नाही हे आधीच सांगा; मोबाइलवरून तिरके काढलेले चौदा फोटो बघून आर्टिकल तुमच्याकडे कसा बघतो ते एकदा अनुभवाल. आलेली फाइल त्याच क्षणी नाव बदलून ठेवा: क्लायंट, महिना, कशाचं. ‘स्कॅन००४’ नावाच्या फायली डाउनलोडमध्ये साठवणाऱ्याचा पुढे रोजचा अर्धा तास शोधण्यात जातो. आणि कागद मिळाल्यावर ‘मिळाले, पूर्ण आहेत’ किंवा ‘मिळाले, फक्त २० तारखेनंतरची बिलं दिसत नाहीत’ असं लगेच कळवा. नुसतं ‘ओके’ लिहिलं तर क्लायंट समजतो की त्याची जबाबदारी संपली.

सगळ्यांना एकाच थाटात लिहू नका. मार्केट यार्डातल्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा सकाळी दुकान उघडायच्या आधीचा फोन बरा. डॉक्टरांना ओपीडीच्या वेळात फोन करू नये, त्यांच्या रिसेप्शनवरच्या ताईंशी ओळख ठेवावी, कागद त्याच देतात. आयटीतल्या पगारदाराला ईमेल आवडतो, फोन उचलायला आवडत नाही. सोसायटीचे खजिनदार निवृत्त असतात आणि त्यांना सविस्तर बोलायचं असतं. पाच मिनिटं ऐकून घेतलं की कागद नीट लावलेल्या फाइलमध्ये मिळतात. हे शीटमध्येच एका कोपऱ्यात टिपून ठेवा.

पायरी ५: ओटीपी

या कामातली सगळ्यात अवघडलेली दोन मिनिटं. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असे मेसेज बँक रोज पाठवते आणि आपण फोन करून तोच मागतो. क्लायंट कचरला तर तो शहाणा आहे, त्याच्यावर चिडू नका.

क्रम असा ठेवा. आधी फोन करा, ऑफिसच्या नेहमीच्या नंबरावरून. ‘काका, तुमचं रिटर्न भरून झालंय, पडताळणीसाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल. फोन जवळ आहे का?’ हो म्हणाले की मगच पोर्टलवर बटण दाबा. ओटीपी दहा-पंधरा मिनिटांत निकामी होतो. आधी दाबलं आणि कळलं की तो नंबर मुलाकडे आहे आणि मुलगा गाडी चालवतोय, तर सगळं पुन्हा. म्हणून आधारला कुठला मोबाइल जोडलाय ते जूनमध्येच विचारून शीटमध्ये लिहा. ज्यांना ओटीपी द्यायचाच नाही त्यांना पोर्टलवर स्वतः ई-व्हेरिफाय कसं करायचं याचे स्क्रीनशॉट पाठवा.

रिटर्न भरल्यापासून पडताळणीला ३० दिवस असतात. पडताळणी झालीच नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. ‘भरलं पण व्हेरिफाय नाही’ अशा ओळी शीटमध्ये लाल करा आणि आठवड्यातून एकदा फक्त त्याच बघा.

पायरी ६: विचारायच्या आत सांगा

क्लायंटचे बहुतेक फोन तीन प्रश्नांचे असतात. माझं काय झालं? रिफंड कधी येणार? एवढा टॅक्स कसा काय? पहिल्या प्रश्नाचे फोन जवळजवळ बंद करता येतात. फाइलची जागा बदलली की एक ओळ पाठवायची: ‘कागद पूर्ण मिळाले, काम सुरू’, ‘सरांच्या तपासणीला गेलंय’, ‘रिटर्न भरलं, पोच जोडली आहे’. शुक्रवारी दुपारी अर्धा तास यासाठीच ठेवा. सोमवारची सकाळ किती शांत जाते बघा.

रिफंडचं मात्र जपून. रिटर्नची प्रक्रिया बेंगळुरूच्या सीपीसीत (आयकर खात्याच्या प्रक्रिया केंद्रात) होते, तिथे आपला काही जोर चालत नाही. ‘पंधरा दिवसांत येईल’ असं कधी तोंडातून काढू नका; सोळाव्या दिवशी फोन येतो आणि तो तुमच्या शब्दावर असतो. आपल्या हातातलं एवढंच: पोर्टलवर आजची स्थिती बघून सांगायची, आणि बँक खातं पोर्टलवर प्रमाणित आहे ना, ते पॅनशी जोडलेलं आहे ना, हे तपासायचं. बरेच रिफंड तिथेच अडकतात.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, येत असलं तरी. ‘सरांशी बोलून आज संध्याकाळी पाचच्या आत कळवते’ म्हणा आणि पाचच्या आत कळवा, भले ‘सर अजून मीटिंगमध्ये आहेत, उद्या अकराला बोलतील’ एवढंच का असेना.

एक चौथा प्रश्न दर एप्रिलला येतो: ‘माझं रिटर्न लगेच का नाही भरत? मागे लागायला नको तुमच्या.’ पेन्शनर मंडळी यात पुढे. त्यांना कारण सांगावं, ते पटतं. जानेवारी ते मार्चचा कापलेला टीडीएस दाखवायला बँकांना ३१ मेपर्यंत मुदत असते. त्याआधी भरलं तर मुदतठेवीवरचा कापलेला कर पूर्ण दिसत नाही आणि मग आकडे जुळत नाहीत. ‘जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तुमचा नंबर पहिला’ असं सांगा आणि खरंच पहिला लावा.

पायरी ७: चिडलेला क्लायंट

रिटर्नला उशीर झाला की ५,००० रुपयांपर्यंत लेट फी लागते (उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००), आणि ती कुणी भरायची यावरून खडाजंगी होते. हा निर्णय तुमचा नाही. ‘मी भरून देते’ असंही म्हणू नका आणि ‘चूक तुमचीच आहे’ असंही नको. माणूस बोलत असताना मध्ये तोडू नका, नोंद घ्या, तक्त्यातल्या तारखा काढा आणि सरांना त्या तारखांसह सांगा. अर्वाच्य बोलणाऱ्याला मात्र ‘सर, आपण नंतर बोलू’ म्हणून फोन ठेवायची मुभा तुम्हाला आहे की नाही, हे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. चांगल्या ऑफिसात ती असते. नसेल तर त्या ऑफिसाबद्दल तुम्हाला काहीतरी कळलं.

पायरी ८: घरातलं घरात ठेवा

क्लायंटचं उत्पन्न तुम्हाला ठाऊक असतं, आणि विचारणारे नेहमी जवळचेच असतात. ‘दादाचं रिटर्न झालं का? किती दाखवलंय त्याने यंदा?’ असं धाकटा भाऊ सहज विचारतो. वाटणीचा वाद चालू आहे हे तुम्हाला माहीत नसतं. उत्तर एकच: ‘ज्यांची फाइल त्यांनाच सांगायची अशी आमच्याकडे पद्धत आहे, तुम्ही दादांनाच विचारा.’ वेगळे झालेले भागीदार, नवरा-बायको, बँकेचा लोनवाला एजंट, सगळ्यांना हेच. क्लायंटची डिजिटल सिग्नेचर आणि पासवर्डांची यादी कुलपात असली पाहिजे, मॉनिटरला चिकटवलेली नाही. आधारची प्रत मागायची वेळ आली तर शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क केलेलं आधार चालतंय का ते आधी बघा.

पायरी ९: दिवसाची आणि वर्षाची लय

फोन दिवसभर घेतले तर दुसरं काही होत नाही. साडेदहा ते बारा हा वेळ आपण फोन करायचा. दुपारी जेवणानंतर तक्ता आणि फायली. चारनंतर पोचा पाठवायच्या. मध्ये येणारे फोन घ्यावेच लागतात, पण ‘एक मिनिट, बघून सांगते’ म्हणत प्रत्येकासाठी हातातलं काम सोडायचं नाही. नंबर टिपा, चारला उलटा फोन करा. शेवटच्या दिवशी पोर्टल रडतंच, तेव्हा शून्य व्यवहाराची आणि सोपी रिटर्नं तीन दिवस आधीच मोकळी करून ठेवा. २० तारखेला हातात फक्त अवघड मंडळी उरली पाहिजेत.

वर्षात जुलै, सप्टेंबर आणि ऑक्टोबर दमवतात. तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा. रजा नोव्हेंबरात, ऑडिटची धावपळ संपल्यावर मागितली तर सहसा नाही म्हणत नाहीत. सुस्तीचे दिवस नोव्हेंबर आणि जानेवारीत येतात आणि तेव्हाच नोकरी सोडायचे विचार जास्त येतात. त्या दिवसांत जुन्या फायली लावत बसण्यापेक्षा एखाद्या आर्टिकलशेजारी बसून एक गोष्ट शिकून घ्या: एका महिन्यात २बी जुळवणी, पुढच्या महिन्यात टीडीएसचं चलन, मग एआयएस (आयकर खात्याकडे असलेली क्लायंटच्या वर्षभराच्या व्यवहारांची माहिती) कसं वाचायचं ते. क्लायंट काय विचारतोय हे आतून कळू लागलं की तोच फोन कमी जड वाटतो.

पगारवाढीचं बोलणं मार्च-एप्रिलमध्ये होतं. त्याआधी तक्त्यातून एक पान काढा: वर्षभरात किती फायली मुदतीच्या आत गेल्या, किती उशिरा गेल्या आणि त्यातल्या किती क्लायंटकडे अडलेल्या होत्या. ते पान सरांच्या टेबलावर ठेवा आणि मग आकडा बोला.